मनीऑर्डर घेणाऱ्याची ओळख

पोतनीसांच्या घरात पैसा अंगावर बाळगायची पद्धत नव्हती. अलीकडे बाळगण्याइतका पैसाही नव्हता, पण ती गोष्ट वेगळी. नानासाहेब पोतनीसांचे आजोबा इंदूर संस्थानच्या खजिन्यात होते. ते दौऱ्यावर निघाले की आधी थैली शिपायांबरोबर पुढच्या मुक्कामाला जायची आणि आजोबा मागून सावकाश निघायचे. पैसा पुढे, माणूस मागे, हा त्यांचा शिरस्ता. खिशात हात घालून नाणी चाचपणं ही दुकानदारांची सवय आहे, असं ते म्हणत. आजोबांकडून घेण्यासारखं पुष्कळ होतं. वळणदार मोडी अक्षर होतं, हिशेबातली नजर होती, चार भाषा होत्या. नातवाने घेतलं ते एवढंच.

साल १९५९. मध्य प्रदेश होऊन तिसरं वर्ष लागलं होतं, त्याच्या आधी मध्य भारत होऊन मोडलाही होता. पण नानासाहेबांच्या लेखी हे सगळं भाडेकरूंचं येणंजाणं होतं. स्वतः ते स्नेहलतागंजात दोन खोल्यांचे भाडेकरू होते, तीही गोष्ट वेगळी. संस्थान विलीन झाल्यावर ज्या कचेरीने त्यांना कारकून म्हणून घेतलं, तिथे त्यांनी नऊ वर्षं अशा चेहऱ्याने काढली की कचेरीच त्यांच्याकडे नोकरीला आहे असं नव्या माणसाला वाटावं. आता पेन्शन होती, चांदीच्या मुठीची काठी होती आणि एक आवाज होता. समोर उभ्या असलेल्या माणसालाही ते त्याच्या डोक्यावरून हवेत बघत विचारायचे, "कोण आहे रे तिकडे?" तो "मी" म्हणाला की थोडा विचार करून ते त्याचं असणं मान्य करायचे.

त्यांना मुलगा एकच, श्रीकृष्ण. तो इंटर झाला आणि झाबुआच्या डोंगरात पिपलझिरी नावाच्या भिल्लांच्या गावी सरकारने नवी शाळा काढली होती, तिथे मास्तर म्हणून जायला निघाला. नानासाहेबांनी त्याला इंदूरच्या ट्रेझरीत चिकटवायचं ठरवलं होतं. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून बघत सांगितलं, "भिल्लांची पोरं वळायला जातोस? त्यापेक्षा शेळ्या वळ, त्या निदान विकता येतात." मुलगा गेला. त्याला चौदा महिने झाले. तो आईला पत्रं लिहायचा, इंदिराबाई ती मोठ्याने वाचायच्या, आणि आतल्या खोलीतून नानासाहेब म्हणायचे, "जरा स्पष्ट वाच. मला काही ऐकायचं नाहीये."

होळीला पंधरा-वीस दिवस असतील, तेव्हा एक पोस्टकार्ड आलं. अक्षर श्रीकृष्णाचं नव्हतं. पिपलझिरीच्या पोस्टमास्तराने हिंदीत तीन ओळी खरडल्या होत्या. मास्टरला नऊ दिवस बुखार आहे, उतरत नाही, इथे दवाखाना नाही, घेऊन जा.

इंदिराबाईंनी पोळ्यांची परात तशीच ठेवली, पिठाच्या डब्यातून पुरचुंडी काढली आणि नवऱ्यासमोर धरली. दीडशे रुपये होते. "बंडीच्या आतल्या खिशाला टाका घालून देते. आजच्या बसने निघा."

"त्या रस्त्याने दीडशे रुपये अंगावर घेऊन?" नानासाहेब म्हणाले. "तीरकमठेवाले लोक ते. आठ आण्यांसाठी मुडदा पाडतात. पैसा पुढे जाईल, आम्ही मागून जाऊ."

आणि खरोखरच त्यांनी पोस्टात जाऊन दीडशे रुपयांची मनीऑर्डर स्वतःच्याच नावावर केली. पाठवणार नानासाहेब पोतनीस, स्नेहलतागंज, इंदूर. घेणार नानासाहेब पोतनीस, मुक्काम पिपलझिरी. खिडकीतल्या बाबूने फॉर्म दोनदा वाचला.

"खुद को ही भेज रहे हो भिया?"

"आम्हालाच."

"वहाँ कोई जानता है आपको?"

नानासाहेबांनी पावतीसाठी हात पुढे केला. पोतनीसांना असा प्रश्न विचारणाऱ्याशी काय बोलायचं! पावती त्यांनी घरी आणून इंदिराबाईंच्या हाती दिली, महत्त्वाचे कागद प्रवासात नेत नाहीत म्हणून. मग पैशाला पुढे जायला सवड हवी, म्हणून हा गृहस्थ चार दिवस घरी बसला. मुलगा तिकडे तापाने भाजत होता आणि बाप इकडे मनीऑर्डरीला वाट देत होता. त्या चार दिवसांत इंदिराबाईंनी त्यांना जेवायला वाढलं, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत. ही शांतता आपल्या धोरणीपणाचा मान आहे, असा नानासाहेबांनी अर्थ लावला.

पाचव्या दिवशी पहाटेच्या बसने ते निघाले. खिशात बसभाड्याचे मोजके पैसे आणि वर तीन रुपये. बेटमा गेलं, धार गेलं, शेतं संपली, पळसांनी लाल झालेले डोंगर लागले. नानासाहेबांनी खिडकीतून ते बघितले आणि नाकाला रुमाल लावला. उतारूंच्या कोंबड्या, बिड्या, मोहाचा वास, मांडीवर येऊन बसलेलं कुणाचं तरी पोर, या सगळ्यांकडे त्यांनी एकाच नजरेने बघितलं. एका फाट्यावर बसने त्यांना उतरवलं आणि ती निघून गेली.

फाट्यावर एक भिल्ल उभा होता. हातात घुंगरू बांधलेली काठी, पाठीवर कॅनव्हासची थैली. तो डाकेचा हरकारा, थावरिया. आठवड्यातून दोनदा तो बसमधून डाक उतरवून घ्यायचा आणि नऊ मैल चालत पिपलझिरीला पोचवायचा. मास्टरकडे जायचंय म्हटल्यावर त्याने काही न विचारता नानासाहेबांची वळकटी डोक्यावर घेतली.

"पाच पावलं पुढे चाल," नानासाहेब हवेत बघत म्हणाले. हा आपल्याला झाडीत नेऊन लुटणार याबद्दल त्यांना शंका नव्हती; फक्त कोणत्या वळणावर, एवढाच प्रश्न होता. पहिल्या नाल्यापाशी थावरियाने पळसाच्या पानाचा द्रोण करून पाणी आणून दिलं, ते त्यांनी काठीने दूर सारलं. दुसऱ्या नाल्यापाशी त्याने आणलंच नाही. सुकलेल्या घशाने नऊ मैल नानासाहेब त्या थैलीकडे बघत चालले, आणि तिच्यात हत्यार असेल असं धरून चालले. थैलीत त्यांचेच दीडशे रुपये होते. खालच्या पोस्टातून पिपलझिरीच्या डाकघरात रोकड त्याच दिवशी चालली होती, आणि ती नेणारा सावकाशीने, पाच पावलं पुढे, त्यांच्यासाठी काटेरी फांद्या बाजूला करत होता.

पिपलझिरीत पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. शाळा म्हणजे एक कुडाची खोली आणि तिच्या मागे मास्टरची दुसरी. श्रीकृष्ण खाटेवर होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, श्वासाला खरखर. एक म्हातारी त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती. नानासाहेब आत आल्यावर ती उठली नाही. नानासाहेबांनी काठी कुडाला टेकवली. ते खाटेच्या कडेवर बसले, कधी नव्हे ते बसायची जागा झटकायची राहून गेली.

"श्री," त्यांनी हाक मारली. "श्रीकृष्ण."

त्याने डोळे उघडले, बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "घंटा वाजवा. पोरं सोडा." मग पुन्हा डोळे मिटले.

बाहेर जंगल ठेकेदाराचा ट्रक बांबू भरत होता. आठवडा-पंधरवड्याने एकदा तो कच्च्या वाटेने वर यायचा. ड्रायव्हर मोकळा माणूस होता, त्याने सगळं सरळ सांगितलं. "मरीज सोके जाएगा तो छह गट्ठे बाँस उतारने पड़ेंगे. ठेकेदार मेरे से काटेगा. चालीस रुपये, नगद, और सीधा इंदूर के अस्पताल में उतार दूँगा. चार बजे गाड़ी निकलेगी, अँधेरे में नदी नहीं उतरती. अब के बाद होली निपटने पर आऊँगा."

होळी निपटायला अजून बारा दिवस होते. ते त्या खाटेवर निघणार नाहीत, हे सांगायला वैद्य लागत नव्हता.

"पैसे आमच्या पुढेच येऊन पोचलेत," नानासाहेब म्हणाले आणि काठी टेकत डाकघराकडे गेले. त्या क्षणी तरी आजोबांची रीत त्यांना फार शहाणपणाची वाटली.

डाकघर म्हणजे एक किराणा दुकान होतं. गुळाची ढेप, मीठ, रॉकेल, आणि कोपऱ्यात लाल पत्र्याची पेटी. तराजूमागे उदयसिंह उभा होता. बारा वर्षं महूच्या छावणीत मराठी बाबूंच्या हाताखाली काढलेला, धिप्पाड, चष्मेवाला माणूस. पोस्टकार्ड लिहिणारा हाच.

"कोण आहे रे तिकडे?" नानासाहेबांनी त्याच्या डोक्यावरच्या कौलांना विचारलं.

"मीच आहे साहेब. दुकानही मी, डाकघरही मी. गुड़ पाहिजे का टिकट?"

"आमची मनीऑर्डर आली असेल. नानासाहेब पोतनीस."

"आली ना. आत्ताच आली, थावरिया घेऊन आला." उदयसिंहाने पेटीवर हात ठेवला. "डेढ़ सौ. आता फक्त पहचान द्या."

"कसली पहचान?"

"घेणाऱ्याची. गावातला कोणी मातबर माणूस, माझ्या ओळखीचा. त्याने सांगायचं की हो, हेच नानासाहेब. तो अंगठा देईल, आप दस्तखत करोगे, मी पैसे देईन. कायदा आहे."

"मी सांगतो आहे. मीच नानासाहेब पोतनीस."

"असाल साहेब. पर ये तो आप ही बोल रहे हो ना."

इंदुरात कुणी असं म्हटलं असतं तर नानासाहेबांनी त्याच्याशी जन्मभर बोलणं सोडलं असतं. इथे ते सोडण्याची सोय नव्हती. त्यांनी पावतीचं सांगितलं. पावती स्नेहलतागंजात होती. उदयसिंहानेच लिहिलेलं पोस्टकार्ड सांगितलं. तेही तिथेच होतं. उदयसिंहाने सगळं ऐकून घेतलं आणि दोन वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. असाच एक पांढरपेशा आला होता, चांगलं बोलत होता, कुणाचा तरी भाऊ असल्याचं सांगून साठ रुपये घेऊन गेला. आठ महिने खात्याने ते उदयसिंहाच्या पगारातून कापले, आणि पगार होता महिना अकरा रुपये.

"मग तुमच्या पदरचे चाळीस द्या. इंदूरला पोचलो की दुप्पट पाठवीन."

"दुकानात अठरा रुपये आहेत, ते आत्ता घ्या. मास्टरसाठी देतो, पहचान नको त्याला. पण पेटीतले सरकारचे आहेत."

अठरांनी काम भागत नव्हतं. नानासाहेब ट्रककडे गेले आणि काठीची चांदीची मूठ पुढे केली. ड्रायव्हर हसला. "रास्ते में पुलिस पूछेगी तो क्या बोलूँ, राजा ने दी?" तेवढ्यात कुणीतरी पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणून ड्रायव्हरच्या पायाशी ठेवल्या. मग एक म्हातारा टोपलीभर मोहाची फुलं घेऊन आला. ड्रायव्हरने गंभीरपणे हिशेब केला आणि सांगितलं की अशा अजून अठरा-वीस कोंबड्या लागतील. नानासाहेबांना त्या कोंबड्यांकडे बघवेना. आपल्या मुलाचा जीव कोंबड्यांवर मोजला जातो आहे, याची त्यांना घृणा वाटली. त्या कोंबड्या ज्याने आणल्या त्याच्या घरी आता एकही उरली नसेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

ते परत दुकानाशी आले. उदयसिंहही मनाने वाईट नव्हता. तो त्यांच्याबरोबर खाटेपर्यंत आला, वाकून म्हणाला, "मास्टर, देखो कौन आया. हे कोण?" श्रीकृष्णाने पुन्हा घंटा वाजवायला सांगितली. थावरिया पुढे होऊन म्हणाला की मी यांना फाट्यावरून आणलं. उदयसिंहाने मान हलवली. "आजची पहचान पहचान नसते. आणि तू खात्याचा माणूस. तुझा अंगठा नाही चालत."

साडेतीन वाजले. ड्रायव्हरने बांबूंवर दोर आवळायला सुरुवात केली. दुकानापुढे आता सगळं गाव गोळा झालं होतं. बायका, म्हातारे, शाळेतली पोरं. सगळे नानासाहेबांकडे बघत होते आणि नानासाहेब सगळ्यांच्या डोक्यांवरून पळसांकडे बघत होते. मदत मागायची म्हणजे काय करायचं हे या माणसाला छप्पन्न वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. काठी आपटली, मान वर केली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कोण आहे रे तिकडे? आम्हाला ओळखणारा कोणी आहे का?"

मग एक पोरगी फिस्सकन हसली, तिच्या मागे दुसरी, आणि मग सगळं गाव हसायला लागलं. म्हाताऱ्या बायका पदर तोंडात धरून, पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. नानासाहेबांचा चेहरा लाल झाला.

गावाचा मुखिया, ज्याला ते लोक तडवी म्हणत, ओट्यावर उकिडवा बसला होता. वाळलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. तो डोळे पुसत उठला. "यो तो मास्टर को बाप हे," तो उदयसिंहाला म्हणाला. "म्हूँ ओळखूँ. आखो गाम ओळखे."

"आधी कधी बघितलं?"

"रोज रात को. मास्टर बतातो थो."

आणि तडवीने दुकानातला कापड मोजायचा गज उचलला, त्याची काठी केली, मान वर करून दोन पावलं टाकली आणि ओट्याशी थांबला. थांबणंही नानासाहेबांचंच. मग त्याने बसायची जागा दोन बोटांनी झटकली, बोटांकडे पाहिलं, आणि हवेत बघत, एकही अक्षर न चुकता, नानासाहेबांच्याच आवाजात शुद्ध मराठीत म्हणाला, "शेळ्या वळ, त्या निदान विकता येतात."

गावाने पुन्हा हसून घेतलं. पोरं तर पुढचं वाक्य आधीच म्हणत होती. शेकोटीभोवती चौदा महिने हा खेळ चालला होता, हे नानासाहेबांना तेव्हा कळलं. ज्या गावात आपल्याला ओळखण्याच्या लायकीचं कुणी नाही अशी त्यांची खात्री होती, त्या गावातलं शेंबडं पोरही त्यांना चालीवरून ओळखत होतं. त्या वाक्याचा अर्थ श्रीकृष्णाने या लोकांना सांगितला होता का? तडवीच्या डोळ्यांकडे बघून वाटत होतं की सांगितला होता.

उदयसिंह हसू आवरून पुन्हा पोस्टमास्तर झाला. "ये तो ठीक है, पण तडवी, असे साहेब इंदुरात गल्लोगल्ली आहेत. महूला माझा हेडबाबू अगदी असाच बोलायचा. एवढ्यावर दीडशे नाही देता येत. यांचंच म्हणून काही आहे का?"

"हे ना," तडवी म्हणाला. "आखरी वालो."

त्याने गज ठेवला आणि दुकानाच्या लाकडी खांबाआड जाऊन उभा राहिला. खांबाआडून त्याने हळूच डोकं काढून बघितलं, जणू पलीकडे बस उभी आहे. पटकन मागे झाला. पुन्हा बघितलं. खांद्यावरच्या फडक्याचा बोळा तोंडात घातला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. फडक्याने डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे. मग बस सुटली असावी, कारण तो खांबाआडून निघून तिच्यामागे चार पावलं भरभर चालला आणि थांबला. चहूकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही? आणि अंगात नसलेला कोट सारखा करून, मान वर करून निघून गेला.

नानासाहेब गारठले. मुलगा इंदूरहून निघाला त्या दिवशी त्यांनी घरी सांगितलं होतं की मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे फिरायला चाललो, मला त्या मुलाचं तोंड बघायचं नाही. इंदिराबाई एकट्याच जाऊन मुलाला बसमध्ये बसवून आल्या. आपण मागून स्टँडवर गेलो, ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती, देवापुढेही कबूल केली नव्हती, आणि इथे एक उघडा भिल्ल ती सगळ्या गावापुढे करून दाखवत होता. म्हणजे मुलाने बसमधून सगळं बघितलं होतं.

"खोटं आहे," ते म्हणाले. "सपशेल खोटं आहे. आम्ही स्टँडवर गेलोच नव्हतो."

उदयसिंहाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पेटीचं कुलूप लावलं. "मग साहेब, मास्टर का बाप वो है जो गया था. तुम्ही गेला नव्हता, तो फिर आप वो नहीं."

ट्रकचा हॉर्न वाजला. खोलीतून त्या म्हातारीने काहीतरी ओरडून सांगितलं. भाषा कळली नाही, आवाज कळला. आणि एवढं होऊनही या माणसाने अजून थोडा वेळ घेतला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेळ्यांचं वाक्य आपलंच म्हणून त्यांनी ताठ मानेने सांगितलं असतं, वर आणखी दोन ऐकवली असती. दुष्टपणाची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. लाज वाटत होती ती त्या रुमालाची. मुलावर आपला जीव आहे, हे चारचौघांत सिद्ध होतंय याची.

"गेलो होतो," ते म्हणाले.

"जोर से साहब. गवाह को सुनना चाहिए."

"गेलो होतो!" त्यांचा आवाज फाटला. "खांबाआड उभा होतो. रडत होतो. तो मीच!"

कुणी हसलं नाही. उदयसिंहाने कुलूप काढलं, फॉर्म मांडला, तडवीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. नानासाहेबांनी सही केली. नोटा हातात आल्या तशा त्यांनी त्या कोटाच्या खिशात कोंबल्या, चाळीस ड्रायव्हरला दिले. सहा गठ्ठे बांबू उतरले आणि चौघांनी श्रीकृष्णाला खाटेसकट वर चढवलं. हे सगळं पाव तासात झालं.

श्रीकृष्ण वाचला. इंदूरच्या दवाखान्यात तो महिनाभर होता, आणि जुलैत शाळा उघडली तेव्हा पिपलझिरीला परत गेला. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नानासाहेबांना ट्रकवर चढता येईना, तेव्हा खालून तडवीने त्यांना हात दिला, आणि त्यांनी तो धरला. वर बसल्यावर ते वाकले. तडवीच्या डोक्यावरून बघायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"ते शेवटचं," त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "वो खंबे वाला... वो देखके बहुत हँसते थे सब?"

"हम हँसता था," तडवी म्हणाला. "मास्टर नई हँसतो थो. वो उठीने झोपड़ी में चल्यो जातो."

ट्रक सुटला. मुलाचं तापलेलं डोकं मांडीवर होतं आणि कच्च्या वाटेचा प्रत्येक हिसका त्याला बसू नये म्हणून नानासाहेबांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं. मांडी बधिर झाली, पाठ मोडली. बेटमा येईपर्यंत ते त्याच्याशी सारखं काहीतरी बोलत होते. तो शुद्धीवर नव्हता, म्हणूनच त्यांना बोलता येत होतं.